जुनं काय बंद केलं, ते आधी सांगा

मी गेली चौदा वर्षं एनर्जी ऑडिट करते. म्हणजे भोसरी, चाकण, रांजणगाव, कुरकुंभ या पट्ट्यातल्या कारखान्यांत जायचं, वीज, डिझेल, गॅस, वाफ कुठे किती जाते ते मोजायचं आणि कुठे वाचू शकेल ते लिहून द्यायचं. त्यामुळे लग्नकार्यात कुणी भेटलं की हमखास विचारतं, काय गं, ह्या सगळ्या कंपन्या हल्ली ग्रीन ग्रीन म्हणतात, एवढं नवीन तंत्रज्ञान आणतात, त्याने कार्बन खरंच कमी होतो का? इतकी वर्षं मी "होतो की थोडाफार" असं मोघम उत्तर देत आले. आता नाही देत. आता मी सांगते की कंपनीने नवीन काय आणलं हे नंतर विचारा, आधी जुनं काय बंद केलं ते विचारा. बंद केलं असेल तर कमी झाला, नसेल तर नाही झाला, मग पेटंट कितीही असोत.

हे माझं मत एका गुरुवारी पक्कं झालं. आपल्याकडे बऱ्याच एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी असते आणि मला कॉम्प्रेसर बघायला तोच दिवस बरा पडतो, कारण हवेचं लिकेज मोजायची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे सगळी मशीन बंद असताना, कुठेच हवा वापरली जात नसताना, कॉम्प्रेसर तरीही किती वेळ लोडवर जातो, म्हणजे हवा भरायला लागतो, ते घड्याळ लावून बघायचं. चाकणजवळची गाड्यांचे पार्ट बनवणारी एक कंपनी होती. शेडवर २०० किलोवॅटचं सोलर, गेटवर कार्बनमुक्तीच्या संकल्पाचा बोर्ड, रिसेप्शनमध्ये पर्यावरणाची दोन अवॉर्ड्स. आत शेडमध्ये सगळं शांत आणि वरच्या एअर लाइनमधून नुसता सूंऽऽ आवाज येतोय. ७५ किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर ४० सेकंद लोड, ६० सेकंद अनलोड, परत ४० लोड, ६० अनलोड. मी दहा वेळा मोजलं. तिथले ऑपरेटर मामा वीस वर्षं त्याच खोलीत आहेत, ते म्हणाले, "ताई, गुरुवारी आम्हाला सुट्टी असते, ह्याला नसते."

आता हिशोब बघा. ७५ किलोवॅटचे ४० टक्के म्हणजे ३० किलोवॅट. दिवसाचे २४ तास, वर्षाचे ३५० दिवस धरले तर अडीच लाख युनिट. नुसती गळती. आणि वरचं २०० किलोवॅटचं सोलर पुण्याच्या उन्हात वर्षाला साधारण २ लाख ८० हजार युनिट देतं. म्हणजे छतावर जेवढी वीज तयार होत होती जवळपास तेवढीच खाली फाटक्या होजमधून आणि ढिल्या जॉइंटमधून हवेत जात होती, आणि आपल्या ग्रिडची वीज युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड घेऊन येते, त्या हिशोबाने हे वर्षाचे पावणेदोनशे टन झाले. दुरुस्तीला काय लागलं, तर क्लॅम्प, टेफ्लॉन टेप, काही मीटर पीयू पाइप, चार-पाच नवीन एअर गन आणि मेंटेनन्सच्या दोन माणसांचे दोन आठवडे. सोलर बसवलं ते चांगलंच केलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण सोलरचा फोटो निघतो, लिकेज बंद केल्याचा फोटो निघत नाही, आणि कुठल्या कामाला बजेट मिळतं हे कितीदा तरी त्यावर ठरतं हे मी स्वतः मीटिंगांमध्ये बसून पाहिलंय.

गोष्ट इथे संपली असती तर मी खूश होऊन घरी आले असते. वर्षाने परत गेले तेव्हा लिकेज खरंच कमी झालेलं होतं, एका पार्टमागची वीज १८ टक्क्यांनी उतरली होती, आणि वाचलेल्या हवेवर आणि वाचलेल्या पैशांवर त्यांनी शेजारी एक नवीन लाइन टाकली होती. उत्पादन ३५ टक्क्यांनी वाढलं. गुणाकार करून बघा, एकूण वीज साधारण ११ टक्क्यांनी वाढली. वार्षिक अहवालात १८ टक्के घट छापून आली, ठळक अक्षरात. खोटं काही नव्हतं त्यात. ११ टक्के वाढ मात्र कुठेच नव्हती, ती शोधायची तर मागच्या पानांवरच्या तक्त्यात जाऊन दोन वर्षांचे आकडे स्वतः वजा करायला लागतात.

हे काही आजचं नाहीये. १८६५ मध्ये जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने हेच मांडलं होतं की वाफेचं इंजिन जसजसं कमी कोळशात जास्त काम करायला लागलं तसतसा इंग्लंडचा कोळशाचा वापर कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेला, कारण इंजिन वापरणं स्वस्त झालं आणि ते जिथे नव्हतं तिथेही आलं. आजचं उदाहरण हवं असेल तर मायक्रोसॉफ्टचं घ्या. २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं की २०३० पर्यंत आम्ही जेवढा कार्बन सोडू त्याहून जास्त काढून घेऊ. पैसा आहे, हुशार माणसं आहेत, आणि माझ्या मते हेतूही प्रामाणिक होता. २०२४ च्या त्यांच्या स्वतःच्याच अहवालात लिहिलंय की २०२० च्या तुलनेत एकूण उत्सर्जन २९ टक्क्यांनी वाढलं, आणि मुख्य कारण नवीन डेटा सेंटर, त्यांचं काँक्रीट, स्टील, चिप्स. स्वतःच्या कुंपणाच्या आतलं उत्सर्जन आणि विजेचं मिळून थोडं उतरलंय, म्हणजे इनोव्हेशन चाललं, पण पसारा त्याहून भराभर वाढला. त्यांच्या क्लाउडचं एक केंद्र २०१५ पासून आपल्या पुण्यातच आहे तेव्हा ही लांबची गोष्ट समजू नका. निदान त्यांनी आकडा लपवला नाही, ह्याबद्दल मला आदर आहे.

आपल्या देशाचं धोरणही "कशामागे किती" याच भाषेत बोलतं. २०३० पर्यंत जीडीपीच्या रुपयामागचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करू असं भारताने म्हटलंय. उद्योगांसाठी २०१२ मध्ये सुरू झालेली पॅट (परफॉर्म, अचीव्ह, ट्रेड) योजना टनामागच्या ऊर्जेवर चालायची आणि २०२३ मध्ये अधिसूचित झालेली कार्बन क्रेडिट ट्रेडिंगची योजनाही (ठरल्यापेक्षा कमी धूर सोडला की क्रेडिट मिळतं, ते विकता येतं) उत्पादनाच्या टनामागच्या उत्सर्जनावरच बेतलेली आहे. देश म्हणून मला हे पटतं, मनापासून पटतं. आपल्याकडे अजून कित्येक घरांत फ्रिज नाही, गावात धड रस्ता नाही, त्यांनी आत्ताच एकूण आकडा कमी करा म्हणणं हा अन्याय आहे, आणि श्रीमंत देशांनी दीडशे वर्षं जो धूर सोडला त्याची किंमत विदर्भातल्या शेतकऱ्याने का मोजायची. पण देशाला असलेली ही सवलत जेव्हा हजारो कोटींचा नफा काढणारी कंपनी स्वतःच्या नावावर वापरते तेव्हा मला राग येतो. गरिबाच्या रेशनकार्डावर साखर उचलण्यासारखं आहे ते.

बरं, त्या "मागे"मध्येही भानगडी आहेत. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर नावाचा पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, चांगलं पाऊल होतं ते, पण त्यात एक महत्त्वाचा आकडा असतो उलाढालीच्या रुपयामागचं उत्सर्जन. आता समजा कंपनीने यंदा मालाची किंमत ८ टक्क्यांनी वाढवली आणि बाकी सगळं होतं तसंच, तीच भट्टी, तोच कोळसा, तेवढेच नग. तरी रुपयामागचं उत्सर्जन कमी दिसणार, महागाईने! दुसरं म्हणजे जॉब वर्क. मी अशी एक कंपनी पाहिली आहे जिने आपली हीट ट्रीटमेंटची भट्टी काढून टाकली आणि ते काम भोसरीच्या तीन छोट्या व्हेंडरना दिलं. कंपनीच्या गेटच्या आतलं उत्सर्जन धाडकन खाली आलं. व्हेंडरकडच्या भट्ट्या जुन्या, इन्सुलेशन गेलेलं, दाराला हात लावला तर चटका बसेल अशा, आणि पार्ट टेम्पोतून जाऊन येणार ते वेगळंच. बाहेरच्या लोकांकडून होणारं हे उत्सर्जन, ज्याला स्कोप ३ म्हणतात, ते बीआरएसआरमध्ये ऐच्छिक रकान्यात आहे. म्हणून मी "जुनं काय बंद केलं" एवढंच म्हणून थांबत नाही, ते बंद झालं की पत्ता बदलून दुसरीकडे चालू झालं, हेही बघायला लागतं.

मग इनोव्हेशन सगळं फोल आहे का? अजिबात नाही, आणि असं म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. एलईडी बघा. २०१५ मध्ये उजाला योजना आली तेव्हा सरकारी कंपनीने घाऊक खरेदी केली आणि जो बल्ब आधी ३१० रुपयांना पडत होता तो खरेदीत ४० रुपयांच्या खाली आला, ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. तुमच्या घरात आज ६० वॉटचा पिवळा बल्ब कुठे लागलाय का सांगा. नाही ना. जुनं गेलं. ९ वॉटचा बल्ब आला म्हणून कुणी घरात सात-सात बल्ब लावून बसलं नाही, उजेडाची गरज कुठेतरी पुरी होते. तिथे बचत खरी राहिली.

इलेक्ट्रिक स्कूटरचंही तसंच. लोक म्हणतात वीज कोळशाचीच आहे मग काय उपयोग, तर तो हिशोब मी बऱ्याच जणांना कागदावर करून दाखवलाय. १०० किलोमीटरला चार्जिंगचा लॉस धरून साडेतीन युनिट धरा, म्हणजे अडीच किलो कार्बन डायऑक्साइडच्या आत. पेट्रोलची स्कूटर ४५-५० चं अ‍ॅव्हरेज देत असेल तर १०० किलोमीटरला दोन-सव्वादोन लिटर, आणि लिटरला २.३ किलो, म्हणजे पाच किलोच्या आसपास. आजच्या कोळशाच्या ग्रिडवरसुद्धा निम्मं. आकुर्डीच्या कंपनीची चेतक २०२० मध्ये इलेक्ट्रिक होऊन परत आली तेव्हा मला त्यामुळेच आनंद झाला होता. पण आमच्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बघते ना, पेट्रोलच्या दोन गाड्या तशाच आणि त्यांच्या शेजारी इलेक्ट्रिक तिसरी, आणि जो मुलगा आधी पीएमपीने कॉलेजला जायचा तो आता तिच्यावर जातो. तिथे हिशोब उलटा होतो. स्कूटर तीच, कंपनी तीच, बॅटरी तीच, कार्बन वाचला की वाढला हे त्या पार्किंगमध्ये ठरतं. २०१९ मध्ये पीएमपीएमएलच्या ई-बस सुरू झाल्या, त्यांचाही खरा फायदा मी युनिटमध्ये मोजत नाही, त्या बसमुळे सिंहगड रोडवर किती दुचाक्या घरी राहिल्या यात मोजते, आणि त्यासाठी बस दहा मिनिटांनी यायला लागते, जे काम कुठल्याच कंपनीची लॅब करू शकत नाही.

आणि शोध लागला म्हणून तो वापरला जातो असंही नाही. आज ज्या लिथियम बॅटरीवर सगळं उभं आहे तिचं सुरुवातीचं मोठं काम १९७० च्या दशकात एक्झॉन या तेल कंपनीत झालं. स्टॅनली व्हिटिंगहॅम तिथे काम करायचे, त्यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. तेलाचे भाव तेव्हा भडकले होते म्हणून कंपनीला बॅटरीत रस होता, भाव उतरले आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने ते काम सोडून दिलं. पेटंट होतं, शास्त्रज्ञ होता, पैसा होता. तेल विकणं बंद करायचं कारण नव्हतं.

पुण्यात हे सगळ्यात जवळून बघायचं असेल तर कोथरूडला चला. माझी मावशी राहते ती सोसायटी १९८४ ची, तीन मजली, लिफ्ट नाही, भिंती धडधाकट. आता रीडेव्हलपमेंटला चाललीये, बिल्डरच्या ब्रोशरवर हिरवं पान, ग्रीन रेटिंग मिळणार, सोलर वॉटर हीटर, सांडपाणी शुद्ध करायचा एसटीपी, ईव्ही चार्जिंग. मावशीला गुडघ्यांमुळे लिफ्ट हवीये आणि ती मिळायलाच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण तीन मजली पाडून चौदा मजली बांधताना जे सिमेंट आणि सळई जाणार त्यांचा कार्बन त्या हिरव्या पानात धरलेला नाही. सिमेंटचं उत्सर्जन नुसतं भट्टीच्या कोळशाचं नसतं, चुनखडी तापवली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, अर्ध्याहून जास्त तो तिथूनच येतो, म्हणजे भट्टी उद्या सोलरवर चालवली तरी तो सुटणारच. ह्याला उपाय आहे आणि त्यात आपल्या आयआयटींचाही हात आहे: भाजलेली माती आणि चुनखडीची पूड मिसळून क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारा सिमेंटचा मूळ माल, जवळपास निम्म्यावर आणायचं, एलसी३ म्हणतात त्याला, उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, २०२३ मध्ये त्याचं भारतीय मानकही आलं. मी मावशीच्या बिल्डरच्या इंजिनिअरला विचारलं तर त्याने नाव ऐकलेलं होतं, पण टेंडरमध्ये नेहमीचं ५३ ग्रेडचं सिमेंटच लिहिलेलं असतं म्हणाला, आणि सोसायटीने कधी विचारलं नाही. महापालिका ग्रीन बिल्डिंगला टॅक्समध्ये सवलत देते, ती सवलत सिमेंटच्या प्रकाराला आणि न पाडलेल्या बांधकामाला का जोडू नये, हे मला खरंच कळत नाही. चाळीस वर्षांच्या चांगल्या सांगाड्याला लिफ्ट बाहेरून लावता येते, पुण्यातच काही सोसायट्यांनी लावली आहे.

मोजणार कोण, हा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. फोक्सवॅगनचं "क्लीन डिझेल" आठवत असेल. २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीस आलं की टेस्टच्या वेळी गाडी स्वच्छ आणि रस्त्यावर घाण, सॉफ्टवेअरच तसं होतं. आपल्याकडे तपासणी आपल्याच कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेने केली आणि त्यानंतर डिसेंबरमध्ये कंपनीला इथल्या सव्वातीन लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तो विषय नायट्रोजन ऑक्साइडचा होता, कार्बनचा नव्हता, मला माहितीये. पण शिकण्यासारखं तेच आहे, कंपनीच्या स्वतःच्या आकड्यावर विश्वास होता तोवर गाडी स्वच्छ होती, कुणीतरी बाहेरच्याने यंत्र लावून रस्त्यावर मोजलं तेव्हा खरं कळलं. कार्बन क्रेडिटचंही तेच झालं. क्योटो करारातल्या सीडीएम प्रकल्पांचा, म्हणजे विकसनशील देशांत धूर कमी करून त्याचं क्रेडिट श्रीमंत देशांना विकणाऱ्या प्रकल्पांचा, २०१६ मध्ये युरोपियन कमिशनसाठी अभ्यास झाला, त्यात निघालं की तपासलेल्यांपैकी ८५ टक्के प्रकल्पांमधली घट खरोखर जास्तीची असण्याची शक्यता कमी आहे, म्हणजे क्रेडिटचे पैसे नसते मिळाले तरी ते झालेच असते. मग त्या क्रेडिटवर दुसरीकडे कुणीतरी जो धूर सोडला तो निव्वळ वाढीव.

आणि कुणी बाहेरून विचारलं की काय होतं तेही मी पाहिलंय. भोसरीत नट-बोल्ट बनवणारे एक काका आहेत, पंचवीस माणसांचं युनिट, माल जर्मनीला जातो. युरोपने ऑक्टोबर २०२३ पासून सीबॅम सुरू केलं, म्हणजे बाहेरून येणाऱ्या स्टील, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम वगैरेमागे किती कार्बन आहे ते कळवायचं, आणि जानेवारी २०२६ पासून त्याचे पैसे मोजायची जबाबदारी. नट-बोल्टही त्यात येतात. काकांकडे जर्मन गिऱ्हाइकाची एक्सेल शीट आली आणि त्यांनी घाबरून मला फोन केला. "मॅडम, तीस वर्षं धंदा करतोय, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं हो." ही व्यवस्था छोट्या माणसावर जड आहे, श्रीमंतांनी स्वतःच्या सोयीने केलेली आहे, हे माझंही मत आहे आणि सरकार ते ठिकठिकाणी मांडतंय ते बरोबरच आहे. पण त्या शीटमुळे काकांनी पहिल्यांदा आपली भट्टी मोजली. डिझेलवर चालणारी जुनी भट्टी सहा महिन्यांत विकली, भंगारात, दुसऱ्याला चालवायला नाही. विजेची घेतली. ह्यात पेटंट नाही, इनोव्हेशन अवॉर्ड नाही, काकांना स्टेजवर कुणी बोलवणार नाही, आणि मला विचाराल तर त्या वर्षी मी पाहिलेलं सगळ्यात खरं ग्रीन काम तेच होतं.

मोठ्या चित्रातही हेच दिसतं. २०२५ मध्ये भारताने विजेच्या स्थापित क्षमतेत ५० टक्के बिगर-कोळसा, बिगर-गॅसचा टप्पा पाच वर्षं आधीच गाठला, अभिमानाची गोष्ट आहे. पण २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत कोळसा ७० टक्क्यांहून जास्तच होता, कारण ऊन संध्याकाळी जातं आणि साठवण अजून तेवढी नाही. जगाचं म्हणाल तर इतकं सोलर, इतक्या बॅटऱ्या, आणि २०२४ मध्ये जीवाश्म इंधनांचं उत्सर्जन ३७ अब्ज टनांच्या वर, तोवरचं सगळ्यात जास्त. नवीन भराभर येतंय. जुनं उठून जात नाहीये.

आमच्या बाबांकडे पुण्याच्या एका कंपनीचे शेअर्स आहेत, नोकरीला असताना घेतलेले, थोडेच. ते ७८ वर्षांचे आहेत आणि एजीएम, म्हणजे भागधारकांची वार्षिक सभा, हल्ली ऑनलाइन असते तरी चुकवत नाहीत. मागच्या वर्षी माझ्या नादाने त्यांनी प्रश्न पाठवला की कंपनीचं एकूण उत्सर्जन पाच वर्षांत किती टनांनी बदललं. उत्तर आलं, सभ्य भाषेत, आणि त्यात उलाढालीच्या रुपयामागचा आकडा होता. बाबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, मी टन विचारले होते. दुसरं पत्र त्यांनी गेल्या आठवड्यात स्पीड पोस्टने पाठवलंय, टाइप मी करून दिलं. त्यात एकच प्रश्न आहे: २०१९ मध्ये आपल्या आणि आपल्या व्हेंडरच्या कारखान्यांत ज्या भट्ट्या, बॉयलर आणि डिझेल जनरेटर (डीजी सेट) चालू होते, त्यातले आज कुठले कुठले कायमचे बंद आहेत.